लेकीला आणायला गेलो होतो

चौतीस वर्षं एसटी चालवली मी. त्यातली वीस-बावीस तर संभाजीनगर–जळगाव रोडवरच. फुलंब्रीच्या पुढं कुठला खड्डा कुठं आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. त्या रोडवर फर्दापूरला गोरे लोक उतरायचे, अजिंठा बघायला. पाठीवर हे एवढालं बोचकं, तोंड उन्हानं लालबुंद, पायात सपाता. मी माझ्या कंडक्टरला म्हणायचो, "घरदार सोडून ही माणसं आपल्या धुळीत काय हुडकायला येतात रे?" तो म्हणायचा, "उस्ताद, उनके घर में धूल नहीं रहती." मग तो डबल बेल द्यायचा अन् आम्ही निघायचो.

तर त्यांच्या घरी धूळ भरपूर आहे, हे मी स्वतः खाऊन आलोय. बासष्टाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेला, बारा दिवस. तांबडी, पिठासारखी बारीक, कानात जाणारी अन् तिसऱ्या धुण्यालाही न निघणारी. माझ्या एका पांढऱ्या बनियनचा रंग अजून विटेसारखा आहे. बायको म्हणते फेकून द्या, मी देत नाही.

पण मी काही फिरायला गेलो नव्हतो. लेकीला आणायला गेलो होतो.

लेक नर्स आहे. तिकडं उत्तरेला डार्विन म्हणून शहर आहे, तिथल्या दवाखान्यात. सहा वर्षांपूर्वी तिचं लग्न लावून दिलं, मुलगा तिकडंच नोकरीला. आपल्यातला, शिकलेला, दिसायला बरा. दोन व्हिडिओ कॉल अन् त्याच्या आईवडिलांबरोबर एक चहा, एवढ्यात जमलं. तेव्हा मला माझाच लई अभिमान वाटला होता. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याला सोडलं. रीतसर, कागदोपत्री. हे फक्त मला अन् बायकोला माहीत. बाकी सगळ्यांना, म्हणजे भावकीला, गल्लीला, माझ्या जुन्या डेपोतल्या मंडळींना, मी सांगत आलो की जावई मजेत आहेत. कुणी जास्तच विचारलं तर मी त्यांना बढतीही देऊन टाकायचो. दोन वर्षांत जावयाला मी दोनदा साहेब केलं.

अन् लेक चार वर्षं घरी आली नव्हती. मी फोनवर म्हणायचो, "ये की गं. फक्त कुणाला सांगत बसू नको. नवऱ्याला सुट्टी नाही म्हणू आपण." ती म्हणायची, "पप्पा, मी आले तर खरं बोलणार. ते चालत नसेल तर मी येत नाही." एवढं बोलून ती दुसरा विषय काढायची, तिच्या आईचे गुडघे, माझी शुगर. तिच्या आवाजात राग नसायचा, याचंच मला भ्या वाटायचं. शेवटी बायको मला म्हणाली, "तुम्ही जा. अन् तिला घेऊनच या." तिच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, नाहीतर तीच गेली असती अन् कदाचित दोन दिवसांत काम झालं असतं.

माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. लेकीनं नोकरी सोडायची, इकडं यायचं. संभाजीनगरात दवाखाने काय कमी आहेत? लोकांना सांगायचं, जावयाची बदली झाली. मग हळूहळू त्यांचं नाव काढणंच बंद करायचं. लोक विसरतात. असा माझा बेत होता, अन् तो लई हुशारीचा आहे असं मला विमानात बसेपर्यंत वाटत होतं.

तिच्या घरी पोचल्यावर दोन दिवसांत मी पाच वेळा विषय काढला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी बारा दिवसांची सुट्टी टाकलीय. फोर व्हील गाडी भाड्यानं घेतलीय, टपावर तंबू असलेली. पश्चिमेकडं जाऊ, कच्च्या रस्त्यानं. घरात बसून तुम्ही एकच टेप लावाल. गाडीत निदान खिडकी तरी असते."

गाडी म्हटल्यावर मी उठलोच. पण गाडीवाल्याच्या कागदावर ड्रायव्हर म्हणून फक्त तिचं नाव. मी म्हणालो, "अगं, मी चौतीस वर्षं..." ती म्हणाली, "माहितीये. डावीकडं बसा." डावीकडं म्हणजे क्लीनरची जागा. मी लेकीला गाडी कधी शिकवली नव्हती. ती कॉलेजात असताना मागं लागायची, मी म्हणायचो, पोरीबाळींचं काम नाही. ती कधी शिकली, कुणाकडं शिकली, मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी तिनं तीनशे किलोमीटर अशी गाडी नेली की मला ब्रेकच्या जागेवर पाय दाबायचं निमित्तसुद्धा मिळालं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

तो मुलूखच वेगळा. दोन गावांमधे दोन-दोनशे किलोमीटर काही नाही. काही नाही म्हणजे खरंच काही नाही, टपरी नाही, म्हैस नाही, शौचाला बसलेला माणूस नाही. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली वारुळं, शेकड्यांनी, अन् रस्त्याच्या कडेला मेलेली कांगारू, त्यावर बसलेल्या घारी. समोरून ट्रक यायचा तो तीन ट्रेलर जोडून, आगगाडीच जणू रूळ सोडून रस्त्यावर आलेली. तो गेला की आपली गाडी बाजूला ढकलल्यासारखी हलायची. अन् एक गोष्ट मला लई आवडली. समोरून येणारा प्रत्येक जण स्टीअरिंगवरचं एक बोट उचलायचा, ओळख ना पाळख. आम्ही एसटीवाले समोरच्या एसटीला हात करायचो, तसंच. मी डावीकडून दोन्ही हात वर करायचो. लेक म्हणाली, "पप्पा, एक बोट पुरे. त्यांना वाटेल आपण अडचणीत आहोत." मी मनात म्हणालो, आहोतच की.

म्हातारीकोतारी जोडपी लई दिसली. सत्तर-पंचाहत्तरची माणसं, मागं घराएवढी कॅरव्हॅन जोडून महिनोन् महिने हिंडत असतात. संध्याकाळी खुर्च्या टाकून शेजारी-शेजारी बसतात, काही बोलत नाहीत, सूर्य बुडाला की उठतात. त्यांची पोरंबाळं कुठं असतात, त्यांना कोण काय विचारतं, याची काळजी त्यांच्या तोंडावर मला कुठं दिसली नाही. असेल, पण मला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी राज्याची हद्द लागली. तिथं तपासणी नाका. आपल्याकडं नाक्यावर काय तपासतात ते मला माहीत आहे, म्हणून मी निवांत होतो. तर त्या बाईनं आमच्या डब्यातून कांदे, हिरव्या मिरच्या, लिंबं, शेंगदाणे सगळं काढून घेतलं. एका राज्यातली कीड दुसऱ्या राज्यात जाऊ नये म्हणून. मी म्हणालो, "बाई, अहो कांदा आहे तो!" मराठीतच म्हणालो. तिनं हसून कांदे पिंपात टाकले. पुढच्या दीडेक तासात मी लेकीशी एक अक्षर बोललो नाही. कांदा गेला की मला जग सुनं वाटतं.

अन् त्या कांद्यापायीच घोळ झाला. त्या संध्याकाळी आम्ही एका छोट्या गावात, गाड्या लावून मुक्काम करायच्या जागेत थांबलो होतो. लेक स्टोव्ह पेटवत होती, अन् मला वास आला. फोडणीचा. मोहरी, कढीपत्ता, कांदा. आयला, मी पाय ओढत त्या वासामागं गेलो तर एक भली मोठी मोटरहोम, आतून मराठी ऐकू येतंय. नवरा-बायको, चाळिशीचे, मूळचे नागपूरचे, सिडनीला राहणारे. पश्चिमेकडून आले होते, म्हणून त्यांच्याकडं कांदे होते. त्या बाईनं मला चार कांदे दिले. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मग ती दोघं आमच्याकडं आली, पोहे झाले, गप्पा झाल्या. लेक हसत होती, मी बऱ्याच दिवसांनी तिला तसं हसताना बघितलं.

आणि त्या बाईनं सहज विचारलं, "जावई नाही आले?"

बघा, ही माणसं कोण? उद्या सकाळी ती पूर्वेला जाणार, आम्ही पश्चिमेला. आयुष्यात पुन्हा भेट नाही. त्यांना ना आमची गल्ली माहीत, ना आमची भावकी. त्यांच्याशी खोटं बोलायचं मला काडीचं कारण नव्हतं. तरी माझ्या तोंडातून निघालं, "ते सिंगापूरला आहेत. कंपनीनं पाठवलंय. यायचं लई मन होतं त्यांचं."

लेकीच्या हातात पोह्यांची ताटली होती. तिनं ती खाली ठेवली. "लिंबू आणते," म्हणाली अन् गाडीमागं गेली. लिंबं नाक्यावरच गेली होती. ती माणसं उठून जाईपर्यंत ती परत आली नाही.

सकाळी डांबर संपलं. तिनं गाडी कडेला घेतली अन् चारी टायरमधली हवा सोडायला लागली. माझा जीव वर-खाली झाला. चांगल्या टायरमधली हवा सोडताना मी जन्मात कुणाला पाहिलं नव्हतं. पण तिकडची रीत तशी आहे. कच्च्या रस्त्यावर पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या असतात, हवा कमी असली की टायर त्यावर बसतो, दगडानं फाटत नाही. हे सगळं मला नंतर कळलं, कारण त्या सकाळी ती माझ्याशी बोलतच नव्हती. मी दोनदा म्हणालो, "अगं, तोंडातून निघून गेलं." ती मीटर बघत राहिली.

दुपारी नदी आली. मोठी, रुंद, पूल नाही. गाडी पाण्यातूनच न्यायची. पलीकडं तांबडे डोंगर, एवढी सुंदर जागा की भांडण झालेलं नसतं तर मी काहीतरी बोललो असतो. लेकीनं काठावर गाडी उभी केली अन् इंजिन चालू ठेवून बसली. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "थांबायचं." बस, एवढंच. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मला वाटलं, पोरगी घाबरली. माझ्या मनात आलं, आता इथं माझं काम आहे.

आमच्याकडं फरशी पुलावरून पाणी जायला लागलं की मी कधी कंडक्टरला पाण्यात पाठवलं नाही. गाडी माझी, पाणी मी बघणार. पँट गुडघ्यावर दुमडायची, हातात काठी घ्यायची, पलीकडच्या कठड्यापर्यंत चालत जायचं, पायानं फरशी चाचपायची, मग परत येऊन गाडी काढायची, नाहीतर सरळ मागं फिरवायची. गाडीत पन्नास-साठ माणसं. कुणाची नावं मला माहीत नसायची. पण पाणी पायानं बघितल्याशिवाय मी एकदाही गाडी घातली नाही, हे मी कुणासमोरही छातीवर हात ठेवून सांगीन.

मी दार उघडून उतरलो. पाटी होती तिथं, पिवळी, तोंड उघडलेल्या मगरीचं चित्र. पाट्यांचं काय घेऊन बसलात? आपल्याकडं धरणाच्या काठावर 'पाण्यात उतरू नये' असं लिहिलेलं असतं अन् त्याच पाटीवर लोकांनी धुतलेले कपडे वाळत घातलेले असतात. मी चपला काढल्या, पँट दुमडली, एक वाळकी फांदी घेतली अन् चालायला लागलो. पाणी गार होतं. घोट्यापर्यंत आलं, नडगीपर्यंत आलं. खाली गोटे होते, घट्ट. मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी मला येणारं काम मी करत होतो.

मागून हॉर्न वाजला, थांबेचना. मग तिची किंकाळी. "पप्पा! मागं या! मागं! पाण्याकडं बघत मागं!" असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी वळलो तर ती स्वतः पाण्यात आली होती, चपलांसकट. तिनं माझ्या शर्टाची कॉलर धरली अन् मला ओढत काठावर नेलं, तिथून आणखी वीस पावलं वर, अन् मग मला सोडून खाली मातीतच बसली. एवढी ऑपरेशनं बघितलेली पोरगी.

"पायी उतरायचं नसतं इथं," ती म्हणाली. "समोरून गाडी येईपर्यंत थांबायचं असतं. ती कुठून येते, पाणी किती लागतं ते बघायचं असतं. म्हणून थांबले होते मी. मगर दिसत नाही पप्पा. मगर दिसली म्हणजे उशीर झालेला असतो."

मी म्हणालो, "अगं पण काही झालं नाही ना."

तेव्हा ती माझ्याकडं बघून ओरडली, "झालं असतं तर? मी फोन कुणाला करायचा? सिंगापूरला?"

मी तिच्या शेजारी मातीत बसलो. माझ्या ओल्या पायांना तांबडी धूळ चिकटली होती. मी तिथं बसून जे समजलो ते लिहायला मला आजही लाज वाटते, पण लिहितो. नावं माहीत नसलेल्या साठ माणसांसाठी मी पाण्यात उतरायचो. अन् पोटच्या पोरीला दोन व्हिडिओ कॉल अन् एक कप चहा यावर मी पाण्यात घातलं. त्या मुलाच्या शेजारीपाजारी कुणाला विचारलं नाही, त्याच्या कामावर कुणाला विचारलं नाही. अन् ती बुडायला लागली तेव्हा तिनं मला हाक मारली होती. एकदा नाही, तीनदा. "पप्पा, हा मला घराबाहेर काढतो अन् दार लावून घेतो," असं म्हणाली होती पहिल्यांदा. तिकडं थंडी होती त्या दिवसांत, ते दोघं तेव्हा दक्षिणेला राहायचे. मी म्हणालो होतो, "जुळवून घे. संसारात होतं." दुसऱ्यांदा म्हणालो, "तू पण जरा कमी बोलत जा." तिसऱ्यांदा मी गाडीवर आहे म्हणून फोन ठेवला. गाडीवर नव्हतो. रिटायर झालो होतो मी तेव्हा.

अर्ध्या तासानं पलीकडून एक गाडी आली, पाणी तिच्या अर्ध्या चाकापर्यंत लागलं. ती वर आली, त्या ड्रायव्हरनं एक बोट उचललं. लेक उठली, हात झटकले, माझ्या चपला आणून दिल्या. मग तिनं तीच वाट धरून गाडी पाण्यात घातली, हळू, एकाच वेगानं, मधे कुठं पाय न उचलता. मी जशी नेली असती तशीच.

पुढं पाच-सहा दिवस आम्ही त्या कच्च्या रस्त्यावर होतो. फोनला रेंज नाही. एकदा टायर फाटला. तिनंच बदलला, मी पाने हातात देत गेलो, अन् नट आवळताना मला बघून घ्यायला सांगितलं तेव्हा मला उगाच भरून आलं. रोज संध्याकाळी आम्ही त्या म्हाताऱ्या जोडप्यांसारखे खुर्च्या टाकून बसायचो. गोरखचिंचेसारखी पोट सुटलेली झाडं होती तिकडं, त्यांच्याखाली. तिथं एका संध्याकाळी मी म्हणालो, "चुकलं माझं. तू फोन केला होतास तेव्हा मी यायला पाहिजे होतं. निदान, ये म्हणायला पाहिजे होतं."

मला वाटलं, आता ती रडेल, मग मी तिच्या डोक्यावरून हात फिरवीन अन् होईल सगळं नीट. तिनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "पप्पा, हे मला माहीतच आहे. मला सांगून काय उपयोग? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

अहो, मातीत बसून लेकीची माफी मागणं सोपं होतं, तिथं ऐकायला पाखरं होती फक्त. भावकीचं नाव निघालं अन् माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. तिनं ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा माझी शुगर विचारायला लागली. तेव्हा मला कळलं की ही आता येत नाही. इथून पुढं ही मला तिकिटं पाठवील, औषधं पाठवील, पण आमच्या दारात पाय ठेवणार नाही. मी आणायला आलो होतो अन् मीच तिला शेवटची सोडून चाललो होतो.

नवव्या दिवशी डांबर लागलं. गाव आलं, पेट्रोल पंप आला. लेक टायरमधे पुन्हा हवा भरायला खाली बसली, अन् माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. रेंज आली होती. पाचोडहून माझी मोठी बहीण, व्हिडिओ कॉल. तिच्याकडं नातवाचं बारसं होतं. आक्काला कॅमेरा नीट धरता येत नाही, तिचं अर्धं कपाळ अन् वरचा पंखा दिसत होता, पण मागं सगळी भावकी जमलेली. चुलते, भाऊ, त्यांच्या सुना, सगळे हात हलवायला लागले.

"काय रं, कुठंस तू? मागं समदं लालच लाल दिसतंय," आक्का म्हणाली. "अन् जावई कुठंयत? दे की त्यांना फोन. बारशाच्या दिवशी तोंड तरी दिसू दे."

टायरमधे हवा जायचा आवाज चालू होता, तो थांबला. लेक बघत नव्हती माझ्याकडं, तिचा हात फक्त नळीवर थांबला होता.

मी म्हणालो, "आक्का, जावई इथं नाहीत, अन् यापुढंही नसणार. दोन वर्षं झाली हिनं त्याला सोडून. तो हिला घराबाहेर काढून दार लावून घ्यायचा. हिनं मला तीनदा फोन केला अन् मी म्हणालो जुळवून घे. हिनं केलं ते बरोबर केलं. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलत आलो."

तिकडून काही आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली, चित्र अडकलं. पण आक्काच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. सगळे तिथंच होते अन् कुणी बोलत नव्हतं. मग बारशाचं बाळ रडलं. आक्का उठली, चालत कुठंतरी आत गेली, दार लोटल्याचा आवाज आला. आता तिचं तोंड नीट दिसलं.

"तुला आठवतं का रं," ती म्हणाली, "मला माघारी सोडायला कोण आलं होतं?"

मला कळायला क्षण लागला. आक्का लग्नानंतर चौथ्या वर्षी पाचोडहून एक पिशवी घेऊन माहेरी आली होती. चार दिवस राहिली. वडील तिला काय म्हणाले ते मी ओसरीतून ऐकलं होतं. मी वीस वर्षांचा होतो, नुकता लायसन काढलेला. मला तिला पोचवून यायला सांगितलं, मी पोचवून आलो.

"पिशवी तुझ्या हातात होती," आक्का म्हणाली. "एसटीत तू माझ्या शेजारी बसला होतास. मला वाटत होतं, हा माझा पाठचा भाऊ आहे, हा तरी म्हणल, आक्का, चल माघारी. पाचोड येईस्तोवर मी वाट बघितली. तू खिडकीबाहेर बघत होतास." ती हे रागानं बोलत नव्हती. बाजारात काय महाग झालं ते सांगावं तसं सांगत होती. "मी घेतलं जुळवून. चाळीस वर्षं घेतलं. पोरीनं नाय घेतलं ते लई चांगलं केलं. दे तिला फोन."

मी फोन लेकीला दिला. ती नुसतं "आत्या" म्हणाली अन् फोन घेऊन टायरला टेकून बसली. मी गाडीपासून लांब गेलो, पंपाच्या कडेला उन्हात उभा राहिलो. एक म्हातारा त्याच्या कॅरव्हॅनची काच पुसत होता, त्यानं मला काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. मी मान हलवली.

बऱ्याच वेळानं लेक आली. डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा, लहानपणी ताप उतरल्यावर व्हायचा तसा. म्हणाली, "दिवाळीला येते. भेटायला, राहायला नाही. अन् आधी पाचोडला उतरणार, आत्याकडं. तुमच्याकडं नंतर."

मी म्हणालो, "ये." मग थोडं थांबून विचारलं, "मी पाचोडला असलेलं चालेल का?"

ती म्हणाली, "ते आत्याला विचारा."

मी परत येऊन महिना होत आला. दिवाळीला तीन आठवडे उरलेत. बायको रोज म्हणते, अहो, लावा की आक्कांना फोन, त्या काही खाणार नाहीत तुम्हाला. मी फोन हातात घेतो, ठेवतो. मला अजून धीर झालेला नाही.